कल्हईवाला, पिंजारी, धारवाला : फिरत्या कारागिरांचा कायदेशीर हक्क

मलिक अंबरने 1610 मध्ये वसवलेली खडकी म्हणजेच पुढचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. शहागंज, गुलमंडी, सिटी चौक इथले हातगाडीवाले सगळ्यांना दिसतात. पण गल्लोगल्ली हाक देत फिरणारे कारागीर कुणाच्या मोजणीत येत नाहीत. शाळेच्या फॉर्मवर त्यांची मुले वडिलांचा धंदा ‘मजुरी’ लिहितात. खरे तर हा हुनर आहे.

कोण काय करतो?

कल्हईवाला : तांब्या-पितळेचे भांडे भट्टीवर तापवतो, नवसागर टाकतो आणि कथील लावून कापसाने आतून फिरवतो. कल्हई उडाली की आंबट पदार्थ कळकतो. घरात स्टील आले, काम घटले. दावतीच्या देगांना मात्र अजून कल्हई लागतेच.

पिंजारी (नदाफ, मन्सुरी) : जुना कापूस पिंजून गादी-रजई पुन्हा भरून देतो. फोमच्या गाद्यांनी हे काम कमी केले.

धारवाला : सायकलवर साणेचा दगड बसवलेला असतो. पॅडल मारले की दगड फिरतो. बकरी ईदच्या आधी सुऱ्यांना धार लावायला त्याची खास आठवण होते.

कायदा काय सांगतो?

पथविक्रेता कायदा 2014 फक्त माल विकणाऱ्यांसाठी आहे, असा समज आहे. तो चुकीचा आहे. रस्त्यावर किंवा फिरून सेवा देणाराही त्यात ‘पथविक्रेता’ आहे. म्हणजे हे तिघेही आले.

- दर 5 वर्षांतून किमान एकदा सर्वेक्षण व्हायला हवे. फिरत्या विक्रेत्यालाही प्रमाणपत्र मिळते.
- सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कुणाला हटवता येत नाही.
- त्यानंतरही हटवायचे तर 30 दिवसांची नोटीस लागते.
- माल जप्त केला तर यादी द्यावी लागते. शुल्क भरल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी, बाकीचा 2 कामकाजी दिवसांत परत मिळायला हवा.
- नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले असतात. त्यांत एक-तृतीयांश महिला हव्यात आणि अल्पसंख्याकांनाही योग्य प्रतिनिधित्व हवे.

आपण काय करावे?

सर्वेक्षणाच्या वेळी फिरता माणूस जागेवर सापडत नाही आणि नाव राहून जाते. म्हणून त्याने स्वतः महापालिकेत जाऊन नोंदणीची चौकशी करावी आणि अर्जाची पोच घ्यावी. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही, त्यांचा अर्ज मोहल्ल्यातल्या शिकलेल्या मुला-मुलींनी भरून द्यावा. आणि पुढच्या वेळी फॉर्मवर ‘मजुरी’ नको, ‘कल्हईकाम’ लिहा. हलाल रोजीचे नाव लिहायला लाज कसली?