वाट कोणी ठरवावयाची?

शिरूरहून दौंडास जावयाचे तर न्हावरे, चौफुला, पाटस अशी एक वाट आहे, श्रीगोंदा-काष्टीवरून दुसरी. भीमेला पूर येऊन एखादा पूल बंद झाला, तर ट्रकवाला समोरून येणाऱ्याला विचारतो आणि गाडी वळवितो. आगगाडीचे तसे नाही. १८७८ साली दौंड-मनमाड लोहमार्ग झाला आणि दौंड हे जंक्शन बनले. पण तेथे कोणती गाडी कोणत्या रुळाने जाईल हे वरून ठरते, सांधेवाला ते केवळ अमलात आणतो. या दोन रीतींपैकी संगणकांच्या जाळ्याने ट्रकवाल्याची रीत उचलली. तिचा इतिहास आम्हांस मोठा उद्बोधक वाटतो, कारण तो सारा शेजाऱ्याच्या शब्दावर किती विसंबावे याचा इतिहास आहे.

१९६९ साली अमेरिकेत ‘अर्पानेट’ सुरू झाले. त्यातील प्रत्येक ठाणे सेकंदभरही न थांबता शेजाऱ्यांस कळवी : अमुक ठिकाण माझ्यापासून इतके दूर. शेजारी त्यात आपली भर घालून पुढे सांगत. म्हणजे सगळा कारभार ऐकीव! पहिल्या काही वर्षांतच हार्वर्ड येथील ठाण्याची स्मृती बिघडली आणि ते सांगू लागले, की सर्व ठिकाणे माझ्यापासून शून्य अंतरावर आहेत. दूरदूरचे संदेश तिकडे धावले आणि तेथेच गडप झाले.

तेव्हा १९७९ मध्ये रीत बदलली. ठाण्याने ऐकीव सांगू नये; स्वतःच्या तारांची स्थिती तेवढी सर्वांस कळवावी, नकाशा ज्याचा त्याने जुळवावा. नकाशावरून जवळची वाट काढण्याची युक्ती डच गणिती डायक्स्ट्रा यांनी १९५६ सालीच शोधली होती. तीही अ‍ॅमस्टरडॅमच्या एका कॉफीगृहात, वीसेक मिनिटांत, कागदावाचून! तरीही २७ ऑक्टोबर १९८० रोजी जाळे काही तास ठप्प झाले. एकाच ठाण्याच्या बातमीच्या क्रमांक बिघडलेल्या प्रती फिरू लागल्या. प्रत्येक प्रत दुसरीहून ताजी भासे, म्हणून त्या फिरतच राहिल्या.

या अनुभवातून शहाणी झालेली पद्धत १९८९ मध्ये ‘ओएसपीएफ’ नावाने प्रसिद्ध झाली. तिच्यात बातमीचा क्रमांक चढताच राहतो, आणि बातमीला वयही असते. म्हातारी झाली की ती टाकून द्यावयाची.

समजा, एखाद्या पेढीच्या शिरूर व दौंड येथे कचेऱ्या आहेत आणि त्यांना जोडणाऱ्या तारा दोन वाटांनी गेल्या आहेत. दोन्हीकडच्या स्विचवर प्रथम वाट काढण्याचे काम चालू करावयाचे (सगळ्याच स्विचना ते येत नाही), प्रत्येकाला वेगळा ओळखक्रमांक द्यावयाचा, आपली कोणती जाळी कोणत्या विभागात, हे सांगावयाचे. मुख्य विभाग शून्य. मग दोघे बहुधा दर १० सेकंदांनी एकमेकांस हाक देतात आणि ४० सेकंद हाक आली नाही तर शेजारी गेला असे धरतात. हे आकडे दोन्ही टोकांस सारखे नसतील तर ओळखच होत नाही. नवख्याचा अर्धा दिवस येथेच जातो.

कारकुनांच्या टेबलांकडे जाणाऱ्या तारांवर मात्र ही हाक बंद ठेवावी, नाहीतर तेथे कोणीही यंत्र जोडून शेजारी म्हणून बोलू लागेल. दोन कचेऱ्यांमधील तारांवर परवलीचा शब्द घालावा. तो न घालताही सर्व सुरळीत चालते, म्हणूनच तो घालावयाचा राहून जातो.