चॉकलेट, उपवास आणि एक जुना केक

प्रायश्चित्तकाळ जवळ आला की आपल्या घराघरांतून एक ठरलेला प्रश्न कानी पडतो, "यंदा काय सोडणार?" मुलांचे उत्तर बहुधा "चॉकलेट" हेच असते. या निरागस उत्तरामागे जवळजवळ चारशे वर्षांचा वाद दडलेला आहे, हे त्यांना ठाऊक नसते.

१५२१ साली मेक्सिकोची राजधानी स्पॅनिश सैन्याने जिंकली आणि तेथील कोकोचे पेय यथावकाश युरोपात पोहोचले. त्या काळी चॉकलेट खात नसत, पीत असत. साहजिकच प्रश्न उभा राहिला: ते प्याल्याने उपवास मोडतो काय? १६३६ साली माद्रिद येथे अंतोनियो दे लेऑन पिनेलो या कायदेपंडिताने याच प्रश्नावर ग्रंथ प्रसिद्ध केला. १६६४ साली रोममध्ये कार्डिनल फ्रान्सेस्को मारिया ब्रांकाच्यो यांचा लॅटिन प्रबंध छापला गेला. द्रव पदार्थाने उपवास मोडत नाही, या जुन्या तत्त्वाचा आधार घेऊन त्यांनी चॉकलेटला पेयांच्या पंक्तीत बसविले.

या पेयाचे खाद्य होण्यास मात्र यंत्रयुग यावे लागले. १८२८ साली ॲमस्टरडॅमच्या व्हान हाउटन यांनी कोकोच्या लगद्यातील स्निग्धांश दाबयंत्राने पिळून काढण्याच्या कृतीचे पेटंट घेतले. उरलेली पेंड दळली की कोको पावडर तयार! १८४७ साली ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीने खाण्याची वडी आणली. अमेरिकेत पूर्वी 'चॉकलेट केक' म्हणजे चॉकलेटच्या पेयासोबत खावयाचा साधा पिवळा केक. पिठातच चॉकलेट मिसळण्याची रीत एकोणिसाव्या शतकात रुळत गेली.

या घराण्यातील सर्वांत गरीब केक मला अधिक जवळचा वाटतो. अमेरिकेतील महामंदी आणि दुसरे महायुद्ध यांच्याशी त्याची आठवण जोडलेली आहे. तेथे मे १९४२ पासून साखर आणि मार्च १९४३ पासून लोणी रेशनवर मिळू लागले. गृहिणींच्या हाती असलेल्या या केकला 'वॅकी केक', म्हणजे वेडगळ केक, असे नाव पडले. दीड कप मैदा, एक कप साखर, तीन मोठे चमचे कोको, एक लहान चमचा खाण्याचा सोडा आणि अर्धा लहान चमचा मीठ भांड्यातच एकत्र करावे. त्यात तीन खळगे करून एकात एक मोठा चमचा व्हिनेगर, दुसऱ्यात एक लहान चमचा व्हॅनिला, तिसऱ्यात पाच मोठे चमचे तेल घालावे. वरून एक कप पाणी ओतून ढवळावे आणि १७५ अंश सेल्सिअसवर अर्धा तास भाजावे. व्हिनेगर आणि सोडा एकत्र येताच कर्बवायू सुटतो. तोच केक फुगवितो. म्हणून मिश्रण ताटकळत ठेवू नये.

यात अंडे नाही, दूध नाही, लोणी नाही. मध्ययुगीन युरोपात प्रायश्चित्तकाळात मांसाबरोबर नेमके हेच तीन पदार्थ सर्वसाधारणपणे वर्ज्य असत! १९१७ च्या धर्मविधीसंहितेत मांसवर्जनाच्या नियमात अंडी व दुधाचे पदार्थ बंद राहिले नाहीत. जे एके काळी ख्रिस्तसभेच्या आज्ञेने सोडले जाई, ते टंचाईने सोडावयास लावले. फरक एवढाच, की पहिला त्याग व्रत होता, दुसरा नाइलाज.

परंतु या कथेला एक कडू बाजूही आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगीज अमलाखालील साओ टोमे बेटावर अंगोलातून आणलेल्या वेठबिगारांकडून कोको पिकविला जात असे. १९०९ साली कॅडबरी, फ्राय आणि राउनट्री या इंग्रज कंपन्यांनी तो कोको घेणे थांबविले. पोर्तुगाल कॅथलिक देश. बहिष्कार पुकारणाऱ्या कंपन्या क्वेकर पंथीय घराण्यांच्या. हे मान्य करताना आपल्याला थोडे ओशाळल्यासारखे झाले तर ते योग्यच होय. आजही पश्चिम आफ्रिकेतील कोकोच्या मळ्यांत लहान मुले राबतात.

सतराव्या शतकातील पंडितांनी चॉकलेट पेय की अन्न, हे तपासले. यशया संदेष्ट्याने ५८ व्या अध्यायात उपवासाची वेगळीच कसोटी सांगितली आहे: जखडलेल्यांची सुटका आणि भुकेल्याशी वाटून घेतलेली भाकर. मुलांनी चॉकलेट जरूर सोडावे. मात्र वाचलेले पैसे कोणाच्या हाती गेले आणि ती वडी कोणाच्या घामातून आली, हेही त्यांना घरातच सांगावे. मग पास्काच्या सकाळी हा साधा केक कापताना त्याची गोडी अधिक निर्मळ लागेल.