शिपाई लायन्स वेकमन

१२. हजेरीपटावर नाव ‘लायन्स’ असले, तरी ही न्यूयॉर्क राज्यातल्या एका शेतकऱ्याची थोरली लेक, सेरा रोझेटा वेकमन. अमेरिकी यादवीत (१८६१–६५) स्त्रियांना सैन्यात मज्जाव होता. पण भरतीची वैद्यकीय तपासणी बहुधा वरवरची असे आणि मिसरूड न फुटलेली पोरेही रांगेत असत. त्यामुळे दोन्ही बाजूंनी शेकडो जणी पुरुषवेशात लढल्या. त्या प्रियकरामागे गेल्या, हे मूळ लेखकाचे सरसकट विधान रोझेटाला लागू पडत नाही. वडिलांवर कर्ज होते. ती घरी पैसे धाडत राहिली. ऑगस्ट १८६२ मध्ये ती १५३व्या न्यूयॉर्क पलटणीत दाखल झाली. वॉशिंग्टनच्या कॅरोल तुरुंगावर पहारा देताना, तिथल्या कैदी स्त्रियांपैकी एक सैन्यात मेजर होती, असे तिने घरी कळवले. तिचे स्वतःचे बिंग मात्र कधीच फुटले नाही. प्लेझंट हिलच्या लढाईतून ती वाचली, पण १९ जून १८६४ रोजी न्यू ऑर्लिन्सच्या लष्करी रुग्णालयात हगवणीने गेली. कुटुंबाने जपलेली तिची पत्रे १९९४ मध्ये पुस्तकरूपाने आली. जिज्ञासूंनी ती मुळातून वाचावीत. — संपादक