लोकायुक्तांच्या कचेरीत कोण बसतो?

लोकायुक्ताचा विषय निघाला की चर्चा दोन प्रश्नांपाशी येऊन थांबते. लोकायुक्त कोण होणार, आणि मुख्यमंत्री त्याच्या कक्षेत येणार की नाही. हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. पण ज्याने सरकारदरबारी एकदा तरी अर्ज केला आहे, त्याला तिसराही प्रश्न ठाऊक असतो. अर्ज उघडतो कोण? आवक नोंदवहीत चढवतो कोण? 'कागदपत्रे अपूर्ण' असा शेरा मारतो कोण, आणि अर्ज न्यायमूर्तींपुढे ठेवायचा की दप्तरी दाखल करायचा, याची टिपणी लिहितो कोण? न्यायाचा इतिहास आपण न्यायाधीशांच्या नावाने लिहितो. अन्यायाचा इतिहास मात्र पुष्कळदा कारकुनाच्या लेखणीने घडलेला असतो.

हे आपल्याला कोणा परदेशी पंडिताने शिकवण्याची गरज नाही. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' सिद्ध केला, तेव्हा गोऱ्या अंमलदाराच्या नावाने चालणारे राज्य प्रत्यक्षात कचेरीतल्या ब्राह्मण कामगाराच्या हाती कसे आहे, हेच त्यांनी दाखवले. गावगाड्यात महार हा शिवेचा साक्षीदार होता. शिवेचा तंटा निघाला की त्याचा शब्द प्रमाण मानत. सरकारी पैसा आणि निरोप तोच पोचवी. पण त्याने दाखवलेली शीव कागदावर चढवणारा हात कुलकर्ण्याचा, आणि खोती मुलखात खोताच्या दप्तराचा. कागद वाहणारा आणि कागद वाचणारा यांच्यातले हे अंतर म्हणजेच आपल्या समाजाचा प्रशासकीय इतिहास होय.

आंबोलीचा घाट चढून गेले की कोल्हापूरची वाट लागते. १८९४ साली शाहू महाराज गादीवर बसले तेव्हा त्या संस्थानच्या दरबारी खात्यातल्या ७१ जागांपैकी ६० जागांवर ब्राह्मण अधिकारी होते, आणि कारकुनीच्या ५०० जागांत ब्राह्मणेतर अवघे १० होते. २६ जुलै १९०२ च्या हुकुमाने महाराजांनी निम्म्या जागा मागासलेल्यांसाठी राखल्या त्या या पार्श्वभूमीवर. राजा बदलला तरी कचेरी बदलत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

बाबासाहेबांनी हा धागा अखिल भारतीय पातळीवर नेला. १९४२ साली व्हाइसरॉयना दिलेल्या निवेदनात त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांमध्ये सरकारी नोकऱ्यांचा प्रश्न अग्रभागी ठेवला. कायदा राबवणारा माणूस आकसाचा असेल तर कायद्याचे शब्द कोरडेच राहतात, ही त्यामागची जाण होती. त्याहून महत्त्वाचा दस्तऐवज म्हणजे १९४७ चे 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'. अल्पसंख्याकांच्या हितरक्षणासाठी 'सुपरिंटेंडेंट ऑफ मायनॉरिटी अफेअर्स' हा अधिकारी नेमावा, त्याचा दर्जा ऑडिटर जनरलसारखा असावा, सरकार आणि त्याचे अधिकारी जातीय आकसाने न्याय नाकारतात त्याचा वार्षिक अहवाल त्याने द्यावा, आणि विधिमंडळाने त्या अहवालावर चर्चेला वेळ द्यावा, अशी ती योजना होती. 'लोकपाल' हा शब्द लक्ष्मीमल्ल सिंघवींनी १९६३ साली रूढ केला. स्वीडनची १८०९ ची परंपरा आपले अभ्यासक अगत्याने सांगतात. पण त्या शब्दाच्या सोळा वर्षे आधी एका दलित कायदेपंडिताने आखलेली ही योजना सांगायला विसरतात. हा विसरही इतिहासाचाच भाग आहे.

घटनेत त्या योजनेतून उरले ते ३३८ वे कलम. १९५० साली अनुसूचित जाती-जमातींचे आयुक्त नेमले गेले. त्यांच्या हाताशी देशभर १७ विभागीय कार्यालये होती. १९६७ साली फेररचनेच्या नावाखाली ती त्यांच्याकडून काढून मागासवर्ग कल्याणाच्या सरकारी महासंचालनालयाखाली गेली. आयुक्त राहिले, त्यांचे हात गेले. संस्था मोडायची असेल तर ती रद्द करावी लागत नाही. तिचा कर्मचारीवर्ग दुसऱ्याच्या हाताखाली दिला की काम भागते.

महाराष्ट्राचा लोकायुक्त कायदा यानंतर चारच वर्षांनी, १९७१ साली आला. मोरारजी देसाई यांच्या अध्यक्षतेखालील प्रशासकीय सुधारणा आयोगाने १९६६ साली शिफारस केली होती. केंद्राचे १९६८ चे विधेयक बारगळले, पण २५ ऑक्टोबर १९७२ पासून महाराष्ट्रात न्या. कोतवाल यांच्या नेमणुकीने ही कचेरी प्रत्यक्ष सुरू झाली. देशात चालू झालेली ती पहिली. कायद्याचे शब्द चांगले आहेत. अवाजवी, जुलमी, अनुचित भेदभावाचे कृत्य किंवा गैरवाजवी विलंब म्हणजे गैरप्रशासन, असे तो मानतो. तुरुंगातून वा पोलीस कोठडीतून लोकायुक्तांना लिहिलेले पत्र न उघडता पोचवले पाहिजे, अशी तरतूद त्यात आहे. लिफाफा कोण उघडतो याचे महत्त्व कायदा करणाऱ्यांना ठाऊक होते, याचा याहून मोठा पुरावा कोणता?

पण पुढचे कलम वाचा. कर्मचारी लोकायुक्त नेमतील. त्यांच्या श्रेणी, पगार, सेवाशर्ती मात्र लोकायुक्तांशी विचारविनिमय करून शासन ठरवील. चौकशीसाठी शासनाचेच अधिकारी आणि यंत्रणा वापरता येतील. तक्रार आली की ज्या खात्याविरुद्ध ती आहे त्याच खात्याकडून अहवाल मागवला जातो. आणि नेमणूक, बडतर्फी, पगार, शिस्तभंग हे सेवाविषयक प्रश्न कायद्याने कक्षेबाहेर ठेवले आहेत. निवृत्तिवेतनासारखे हक्क तेवढे आत. म्हणजे राखीव जागांचा अनुशेष, बढतीत डावललेला मागासवर्गीय कर्मचारी, बिंदुनामावलीतली लबाडी यांचे गाऱ्हाणे या दारी चालत नाही. कचेऱ्यांची सामाजिक घडण हाच ज्यांचा मुख्य प्रश्न, त्यांच्यासाठी तेवढेच दार बंद.

१९७२ साली सावंतवाडी रत्नागिरी जिल्ह्यात होती. सिंधुदुर्ग जिल्हा झाला तो १ मे १९८१ ला, आणि कोकण रेल्वे मुंबईपर्यंत अखंड धावू लागली ती १९९८ ला. लोकायुक्तांची कचेरी मुंबईत, मंत्रालयासमोरच्या नव्या प्रशासन भवनात. माझ्या घरात अर्ज लिहू शकणारा मी पहिला. अजूनही वाडीतली माणसे सुट्टीच्या दिवशी कागद घेऊन येतात. कुणाच्या वतनी जमिनीच्या सातबाऱ्यावर भलतेच नाव चढलेले, कुणाच्या मुलीची शिष्यवृत्ती वर्ष उलटले तरी अडकलेली. गाऱ्हाणे एका वर्षाच्या आत मांडले पाहिजे, अशी कायद्याची मुदत आहे. निरक्षर माणसाचे ते वर्ष कोणत्या टेबलावर काय मागतात हे समजण्यातच सरते. अशा वेळी त्याला आकडेमोडीची मोठी यंत्रणा नको असते. समोरच्या खुर्चीतला माणूस आपली भाषा आणि आपली भीती ओळखणारा हवा असतो.

घाटापलीकडे बेळगावात काय घडले तेही पाहावे. कर्नाटकाने १९८४ च्या कायद्याने लोकायुक्ताला स्वतःची पोलीस शाखा दिली, म्हणून तिथल्या लोकायुक्ताचा दरारा निर्माण झाला. मार्च २०१६ मध्ये सरकारने वेगळा लाचलुचपत विभाग काढून ते बळ काढून घेतले. ऑगस्ट २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने तो विभाग रद्द केला तेव्हाच ते परतले. १९६७ सालची गोष्टच पुन्हा घडली. फरक इतकाच की या वेळी न्यायालयाने हात परत जोडले.

केंद्राच्या २०१३ च्या लोकपाल कायद्यात निदान अर्धे सदस्य अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक व महिला यांतले असावेत, असे लिहिले आहे. हे पाऊल पुढचे आहे. पण ती अट वरच्या बाकावरच्यांसाठी आहे. टिपणी लिहिणाऱ्या टेबलाबद्दल तिथे अशी अट नाही. महाराष्ट्राचे नवे विधेयक विधानसभेने डिसेंबर २०२२ मध्ये आणि विधानपरिषदेने डिसेंबर २०२३ मध्ये संमत केले. त्याची सारी चर्चा मुख्यमंत्र्यांच्या समावेशाभोवती फिरली. कचेरीत कोण बसणार, हे कोणी विचारल्याचे माझ्या वाचनात नाही.

आता एक कडू गोष्टही बोलली पाहिजे. आपला माणूस खुर्चीत बसला म्हणजे न्याय झाला, असे समीकरण नाही. १९५६ साली आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकल्यासवरल्यांविषयी जी खंत बोलून दाखवली, ती आपल्या पांढरपेशा वर्गाला आजही लागू आहे. माझे विद्यार्थी स्पर्धा परीक्षा देऊन लिपिक होतात, कक्ष अधिकारी होतात. त्यांतला एखादा वाडीवरचा अर्ज बघून जुन्याच कारकुनासारखा 'अपूर्ण' लिहू लागला, तर शाहू महाराजांच्या हुकुमाचे आपण काय केले? राखीव जागा हा लेखणीवरचा हक्क आहे, आणि ती कोणासाठी चालते याचा जाब त्या हक्कातच आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी आणि विद्यार्थ्यांनी एक काम हाती घ्यावे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने प्रत्येक सार्वजनिक कार्यालयाला आपल्या अधिकारी-कर्मचाऱ्यांची सूची जाहीर करणे बंधनकारक केले आहे. तिच्या आधारे लोकायुक्त कार्यालयातली मंजूर पदे किती, भरलेली किती, बिंदुनामावली कशी पाळली, आणि नोंदणीच्या टेबलावरच बंद झालेल्या तक्रारी किती, हे दरवर्षी विचारावे. १९४७ साली बाबासाहेबांनी मागितलेला वार्षिक अहवाल सरकारने दिला नाही. तो लिहायला बसण्याइतकी माणसे आता आपल्यात शिकलेली आहेत.