रब्बी नाही, तरी शनिवार पाळला!

नागपूरच्या जरीपटक्यातून बोलतोय. आजचा प्रश्न: समाज छोटा असेल तर धर्मगुरू आणायचा कुठून?

कोकणातले बेने इस्राएल बघा. तेल गाळायचे, पण शनिवारी घाणा बंद. म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणायचे. त्यांच्यात रब्बी नव्हता. धार्मिक विधी आणि तंटे काजी बघायचे, तेही काही घराण्यांत वंशपरंपरेने. ज्यूंच्या सामूहिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, रब्बी असायलाच हवा असं नाही.

1796 मध्ये सामाजी हसाजी दिवेकरांनी मुंबईत पहिलं सिनेगॉग बांधलं. मग हिब्रू प्रार्थना म्हणणारा हज्जान हवा होता. 1826 पासून कोचीचे ज्यू आले, त्यांनी शिकवलं, प्रार्थनाही चालवली. थोडक्यात, रब्बी नाही, पण कामं करणारी माणसं होती.

याची किंमत मोजावी लागली ती इस्राएलला गेल्यावर. 1962 मध्ये तिथल्या मुख्य रब्बींच्या कार्यालयाने सांगितलं, यांची लग्नं लावण्याआधी पूर्वजांची चौकशी करा. कारण काय, तर इकडची लग्नं आणि काडीमोड धर्मशास्त्राप्रमाणे झाले का, ही शंका! आपले मराठी लोक रस्त्यावर उतरले. 1964 मध्ये ती अट मागे घ्यावी लागली.

मला विचाराल तर, ज्यांनी रब्बीशिवाय पिढ्यान्‌पिढ्या शनिवार सांभाळला, त्यांच्याकडे दाखला मागणंच चूक होतं. तुम्हाला काय वाटतं? नक्की कळवा.