एलेओनोरा दूझे : एका चित्रपटाची साक्ष

नटाची कला नटाबरोबरच संपते, असे आपण नेहमी म्हणतो. मग एखाद्या थोर अभिनेत्रीचा चित्रपट आज पाहावयास मिळत असेल, तर तिच्या अभिनयाचा पुरावा हाती आला असे समजावे काय? इटालियन अभिनेत्री एलेओनोरा दूझे हिच्या बाबतीत हा प्रश्न विशेष अवघड होतो.

दूझे १८५८ साली फिरत्या नटांच्या कुटुंबात जन्मली आणि रंगभूमीवरच वाढली. १८८४ मध्ये तुरीन येथे व्हेर्गाच्या ‘कावाल्लेरिया रुस्तिकाना’ या नाटकात तिने सांतुझ्झाची भूमिका केली. पुढे इब्सेनच्या नायिका तिने इटालियन रंगभूमीवर रुजवल्या. चेहऱ्याला रंग न लावता रंगमंचावर येणारी नटी म्हणून तिची ख्याती होती.

१८९५ साली लंडनमध्ये सारा बर्नहार्ट आणि दूझे या दोघींनी थोड्याच दिवसांच्या अंतराने झुडरमानच्या एकाच नाटकातील माग्दा साकारली. त्या वेळी नाट्यसमीक्षा लिहिणाऱ्या बर्नार्ड शॉ यांनी आपला कौल दूझेला दिला. जुना प्रियकर समोर येताच तिच्या चेहऱ्यावर चढत गेलेली लाली त्यांनी नोंदवून ठेवली आहे. रंग न लावलेल्या चेहऱ्यावरच ती दिसू शकत होती, हे येथे ध्यानात घ्यावे.

१९०९ मध्ये दूझेने रंगभूमी सोडली. त्यानंतर १९१६ साली तिने आपला एकमेव चित्रपट केला : ग्राझिया देलेद्दा यांच्या कादंबरीवर आधारलेला ‘चेनेरे’, म्हणजे ‘राख’. दिग्दर्शक फेबो मारी यांनीच त्यात मुलाची भूमिका केली. अनौरस मुलाला स्वतःपासून दूर करणारी आई, रोझालिया, ही दूझेची भूमिका. चित्रपटास प्रेक्षकांनी फारसा आश्रय दिला नाही.

आज तो पाहणाऱ्याची प्रथम निराशा होते. शॉ यांनी टिपलेला तो चेहरा येथे जवळून क्वचितच दिसतो. पांढरे केस, डोक्यावरून घेतलेले वस्त्र, वळलेली मान आणि सावलीत उभी असलेली आकृती, एवढेच हाती लागते. आवाज तर नाहीच. म्हणून कित्येकांनी ‘चेनेरे’ला दूझेच्या कलेचा अपुरा अवशेष मानले.

आम्हांला हे मत मान्य नाही. बर्नहार्टने १९१२ च्या ‘राणी एलिझाबेथ’ या चित्रपटात रंगमंचावरचे विस्तीर्ण हावभाव कॅमेऱ्यापुढे तसेच मांडले. दूझेने मात्र हावभाव आवरले. हातांची संथ हालचाल आणि चालण्यातला थकवा यांवर सारा भार टाकला. नव्या माध्यमाला कमीत कमी पुरते, हे तिने ओळखले होते. तेव्हा हा चित्रपट तिच्या रंगभूमीची नक्कल नव्हे. ती एक स्वतंत्र भूमिका आहे. तीत माग्दा शोधणे हा दोघींवर अन्याय होईल.

१९२१ मध्ये दूझे रंगभूमीवर परतली, ती इब्सेनच्या ‘सागरकन्ये’तील एलिडा होऊन. १९२४ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या दौऱ्यात पिट्सबर्ग येथे तिचे निधन झाले. दुसरा चित्रपट तिने केला नाही.

रंगभूमीवरची दूझे आपल्याला शॉ यांच्यासारख्या प्रेक्षकांच्या शब्दांतूनच भेटते, आणि चित्रपट हाती आहे म्हणून त्या शब्दांचे मोल उणे होत नाही. अभिनयाचा इतिहास लिहिणाऱ्याने दोन्ही साक्षी ऐकाव्यात. मात्र एकीकडून दुसरीचे उत्तर मागू नये.