निहाली भाषेचा कुलनिर्णय

भाषांचे नाते ठरविताना संख्यावाचकांचा आधार घेण्याची पद्धत रूढ आहे. स्लाव्ह भाषासमूहात ती यशस्वी ठरते. पूर्व शाखेतील रशियन, पश्चिम शाखेतील पोलिश व दक्षिण शाखेतील बल्गेरियन या भाषांत ‘तीन’ या अर्थी अनुक्रमे त्रि, त्शी व त्रि हे शब्द आढळतात. नियमित ध्वनिसंवादामुळे ते एकाच मूळ रूपाचे वंशज ठरतात. परंतु हीच कसोटी बुलढाणा जिल्ह्यातील निहाली भाषेला लावल्यास फसगत होते.

जळगाव जामोद तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याच्या जामोद, सोनबर्डी आदी गावांत ही भाषा बोलली जाते. तिच्यात दोन, तीन व चार यांना इरार, मोथो व नालो म्हणतात. मोथो व नालो या शब्दांशी तमिळमधील मून्रु व नालु यांची तुलना केली असता त्यांचे द्राविड मूळ ध्यानात येते. पाचपासूनचे अंक आर्यभाषांतील आहेत. निकटच्या कोरकूचे अंक मात्र निहालीत नाहीत. यावरून द्राविड भाषांशी तिचा संबंध कोरकूच्या द्वारे आला नसावा, असे अनुमान निघते.

तथापि निहालीला द्राविड म्हणता येत नाही. तिच्यातील शब्दांचा मोठा भाग कोरकूशी, म्हणजेच ऑस्ट्रो-आशियाई कुलातील मुंडा शाखेशी जुळतो. स्टेन कोनोव यांनी १९०६ मध्ये भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या चौथ्या खंडात तिचा समावेश मुंडा भाषांतच केला होता. परंतु एफ. बी. जे. कॉयपर यांनी १९६२ मध्ये दाखवून दिले की, सुमारे एकचतुर्थांश शब्दांचे साम्य भारतातील कोणत्याही भाषेत सापडत नाही. ‘डोळा’ या अर्थी जिकी, ‘पाणी’ या अर्थी जोपो यांसारखे नित्याचे शब्द या दृष्टीने महत्त्वाचे होत. उसने शब्द थरांप्रमाणे बाजूला सारल्यावर उरणारा हा गाभाच कुलनिर्णयाचा खरा आधार होय. म्हणून आज निहालीस सामान्यतः एकाकी भाषा मानले जाते.

के. एस. नागराज यांचे व्याकरण २०१४ मध्ये म्हैसूरहून प्रसिद्ध झाले, तरी कार्य संपलेले नाही. भाषकसंख्या अवघी दोन-अडीच हजार मानली जाते. १९७१ पासून जनगणनेत दहा हजारांहून कमी भाषकांच्या भाषांचे आकडे स्वतंत्रपणे प्रसिद्ध होत नाहीत; त्यामुळे तिचा ऱ्हास आकड्यांतून कळणार नाही. भाषक द्विभाषिक असल्याने उसने शब्द वाढतात व गाभा आक्रसतो. तो नष्ट झाल्यास कुलनिर्णयाचे साधनच नाहीसे होईल. विदर्भातील अभ्यासकांवर म्हणूनच या शब्दसंग्रहाचे विशेष उत्तरदायित्व येते.